गिटार गेममध्ये कॉम्बो तुटतोय? हात स्लो नाही, हात पळतोय! स्ट्रमिंग सुधारण्याची सोपी पद्धत



गिटारवाले रिदम गेम खेळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. गाणं मस्त चाललेलं असतं, मल्टिप्लायर ४ पटीवर पोचलेला असतो, आणि तेवढ्यात एकाच रंगाच्या नोट्सची लांबलचक रांग खाली येते. डाव्या हाताला काही कामच नाही, एक बटण दाबून गप्प बसायचं. सगळं काम उजव्या हाताचं. आणि नेमका तोच हात गडबडतो. 'खट्' असा आवाज येतो आणि कॉम्बो शून्यावर.

मला वाटायचं आपला हात स्लो आहे. म्हणून मी जवळजवळ दोन महिने फक्त वेग वाढवायच्या मागे लागलो. स्कोअर तर वाढला नाहीच, उलट कोपरापर्यंत हात दुखायला लागला. मग एक एक गोष्ट तपासत गेलो तेव्हा कळलं की हात स्लो नव्हताच. तो गाण्याच्या पुढे पळत होता, आणि त्यात हेडफोन मला आवाज उशिरा ऐकवत होता. म्हणजे मी दोन महिने चुकीची गोष्ट पक्की करत होतो!

तुमचे दोन महिने वाया जाऊ नयेत म्हणून हा लेख. शेवटी रोजच्या १५ मिनिटांचा सराव पण दिलाय.

स्ट्रमिंग म्हणजे नेमकं काय?

आधी थोडं बेसिक. जपानच्या कोनामी कंपनीने १९९९ मध्ये 'गिटारफ्रीक्स' हा आर्केड गेम आणला. त्यात तीन बटणं आणि एक छोटी दांडी होती. २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'गिटार हीरो' आला, त्यात पाच रंगांची पाच बटणं होती. २००७ मध्ये 'रॉक बँड' आला. गेम वेगवेगळे असले तरी मूळ नियम एकच: डाव्या हाताने रंगाचं बटण धरायचं आणि नोट रेषेवर आली की उजव्या हाताने दांडी वर किंवा खाली मारायची. या दांडीला स्ट्रम बार म्हणतात आणि ती मारण्याला स्ट्रमिंग.

मोबाईलवरच्या बऱ्याच टच गेममध्ये ही दांडी नसते. रंगावर बोट मारलं की झालं. त्यामुळे फोनवर तरबेज असलेली मुलंसुद्धा कंट्रोलर हातात आला की गोंधळतात. डावा आणि उजवा हात वेगवेगळं काम करतोय, ही सवयच नसते.

कंट्रोलर नाही? कीबोर्ड चालतो

मी भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात राहतो. इथे दुकानात जाऊन 'गिटार कंट्रोलर द्या' म्हटलं तर दुकानदार आधी माझ्याकडेच बघत राहील. ऑनलाइन मागवायचा तर खर्च मोठा. म्हणून मी जुन्या यूएसबी कीबोर्डवर शिकलो. 'क्लोन हीरो' हा फुकट गेम कॉम्प्युटरवर चालतो आणि त्याची अँड्रॉइड आवृत्तीही आहे. फोनला ओटीजी अडॅप्टर लावून कीबोर्ड जोडायचा आणि गेमच्या सेटिंगमध्ये बटणं ठरवून घ्यायची.

यात लाजण्यासारखं काही नाही. २००६ मध्ये फिनलंडच्या एका टीमने 'फ्रेट्स ऑन फायर' नावाचा फुकट गेम बनवला, तो मुळात कीबोर्डवरच खेळायचा होता. कीबोर्ड उचलून गिटारसारखा धरायचा, डावी बोटं एफ१ ते एफ५ वर आणि उजवा अंगठा एंटरवर.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्ट्रमसाठी दोन कीज ठेवा, एक 'खाली'साठी आणि एक 'वर'साठी. एकाच कीवर बडवत राहिलात तर पुढचं काहीच शिकता येणार नाही. दोन, स्वस्त कीबोर्डमध्ये काही ठरावीक तीन कीज एकदम दाबल्या तर तिसरी नोंदच होत नाही. दोन रंग धरून स्ट्रम केलं आणि नोट लागली नाही, तर आधी स्ट्रमची की बदलून बघा. चूक तुमच्या हाताची नसेलही.

पहिली तपासणी: आवाज वेळेवर येतोय का?

माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती. मी ब्लूटूथ हेडफोन लावून खेळत होतो.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग हवेतून पाठवला जातो, मग हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. या सगळ्यात सहज १५० ते २५० मिलिसेकंद जातात. गाणी ऐकताना हे कळत नाही. व्हिडिओ बघतानाही ॲप चित्र थोडं थांबवून जुळवून घेतं. पण गेममध्ये तुम्ही बटण दाबता तो क्षण कोणालाच मागे-पुढे करता येत नाही.

आता आकडे बघा. क्लोन हीरोमध्ये नोट लागण्यासाठी साधारण १४० मिलिसेकंदांची मुभा असते, म्हणजे नोटच्या ७० आधी आणि ७० नंतर. हेडफोनच जर २०० मिलिसेकंद उशिरा वाजत असेल, तर जो माणूस प्रामाणिकपणे कानाने वाजवतो त्याची प्रत्येक नोट चुकणार. मग तो काय करतो? ऐकणं सोडतो आणि फक्त डोळ्यांनी खेळायला लागतो. माझं हेच झालं होतं. हळू गाण्यात डोळ्यांवर भागतं, पण नोट्सची दाट रांग आली की डोळे एकेक नोट मोजू शकत नाहीत. तिथे ताल कानानेच धरावा लागतो.

उपाय सोपा आहे. वायरचा इअरफोन लावा किंवा फोनचा स्पीकर वापरा. मग गेमच्या सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन करा. वायर लावली तरी फोन आणि स्क्रीन स्वतः थोडा उशीर करतातच, तो कॅलिब्रेशनमध्ये भरून निघतो. हेडफोन, फोन किंवा टीव्ही बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करायचं.

दुसरी तपासणी: हात स्लो आहे की पळतोय?

हे समजलं की अर्धं काम झालं. गाण्याचा वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके. १२० बीपीएमच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. एका ठोक्यात चार नोट्स असतील तर दोन नोट्समधलं अंतर १२५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ८ नोट्स.

समजा घाबरून तुमचा हात दर १२५ ऐवजी ११२.५ मिलिसेकंदांनी पडतोय. फरक फक्त १२.५ मिलिसेकंदांचा, जाणवणारही नाही. पहिली नोट बरोबर लागली. दुसरी १२.५ आधी, तिसरी २५ आधी, असं करत सहावी ६२.५ आधी. ही सुद्धा लागते, कारण मुभा ७० ची आहे. पण सातवी ७५ मिलिसेकंद आधी, आणि खट्!

म्हणूनच लांब रांगेची सुरुवात सगळ्यांना जमते आणि मधेच काहीतरी बिघडतं. आपण म्हणतो, 'हात थकला, अजून जोरात मारायला पाहिजे.' मग पुढच्या वेळी आणखी जोर लावतो, हात आणखी पळतो आणि नोट आणखी लवकर सुटते.

मला हे आकड्यांनी नंतर कळलं, आधी आमच्या आबांनी सांगितलं. आबा भजनात टाळ वाजवतात. एकदा मी ओसरीवर बसून कीबोर्ड बडवत होतो, गाणं स्पीकरवर चालू होतं. आबा थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "लेकरा, गाणं कुठं पळून चाललंय का? तूच पळायला लागला ना." गेम कसला ते त्यांना माहीत नव्हतं, पण ताल सुटतोय ते बरोबर ऐकू आलं.

एका ज्यादा स्ट्रमची किंमत

नोट नसताना स्ट्रम केलं तर त्याला ओव्हरस्ट्रम म्हणतात. अनेकांना वाटतं की नोट सुटण्यापेक्षा एखादा ज्यादा स्ट्रम परवडला. नाही परवडत! गिटार हीरोच्या पद्धतीत एका नोटचे ५० गुण असतात. सलग १० नोट्स लागल्या की २ पट, २० ला ३ पट, ३० ला ४ पट. ओव्हरस्ट्रम झाला की पुन्हा १ पटीवर.

४ पटीवर ३० नोट्सचे ६,००० गुण होतात. कॉम्बो तुटल्यावर त्याच ३० नोट्सचे साधारण ३,००० च. म्हणजे एक फालतू 'खट्' जवळपास ३,००० गुण खाऊन जातो. त्यामुळे शंका आली तर हात थांबवा, अंदाजे मारू नका.

खरी गिटार वाजवणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्या. खऱ्या गिटारवर हात लोलकासारखा सतत वर-खाली चालू ठेवतात आणि जिथे आवाज नको तिथे तारांना न लागता हवेतून नेतात. गेमच्या दांडीवर हे जमत नाही. दांडी हलली की स्विच दाबला जातो आणि स्ट्रम मोजला जातो. म्हणून इथे ताल मनात चालू ठेवायचा आणि हात फक्त नोटवर हलवायचा.

वर-खाली म्हणजेच 'दा-रा'

नवीन खेळाडू सगळ्या नोट्स खालच्याच दिशेने मारतो. हळू गाण्यात चालतं. पण सेकंदाला ८ नोट्स आल्या तर हाताला ८ वेळा खाली आणि ८ वेळा परत वर यावं लागतं. परत येणं फुकट जातं. एक नोट खाली, पुढची वर, असं मारलं तर त्याच ८ नोट्ससाठी फक्त ४ फेऱ्या पुरतात. याला अल्टरनेट स्ट्रमिंग म्हणतात. मेहनत जवळपास निम्मी!

ही कल्पना आपल्याला नवी नाही. सतार शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून मिझराबीचे दोन बोल शिकवतात, 'दा' आणि 'रा'. एक आघात एका दिशेने, दुसरा उलट दिशेने. वेगात वाजवताना दोन्ही आघात सारख्या वजनाचे यावे लागतात. आपली गडबड तिथेच होते. खालचा फटका दणदणीत आणि वरचा मरतुकडा. वरचा स्ट्रम कच्चा असेल तर स्विचच दाबला जात नाही आणि नोट सुटते.

म्हणून पाच मिनिटं फक्त वरच्या दिशेने स्ट्रम करून खेळा. विचित्र वाटेल, पण कुठला हात कच्चा आहे ते लगेच दिसेल. कीबोर्डवर हाच प्रयोग 'वर'च्या कीवरच्या बोटाने करा.

मधे मोकळी जागा आली तर?

ठोक्यावरची नोट खाली मारायची आणि दोन ठोक्यांच्या मधली नोट वर, हा साधा नियम ठेवा. गेमला दिशेचं काही देणंघेणं नसतं, दोन्ही चालतात. पण तुमच्या हाताला मात्र ठिकाण कळतं. एखादी नोट गाळलेली असली तरी पुढची ठोक्यावर आहे की मधे आहे, हे दिशेवरून लक्षात राहतं.

खरी अडचण तीन-तीनच्या गटात येते. एका ठोक्यात तीन नोट्स असल्या की पहिला गट खाली-वर-खाली होतो आणि दुसरा वर-खाली-वर. म्हणजे दुसऱ्या ठोक्याची सुरुवात वरच्या स्ट्रमने होते आणि आपला हात तिथे हमखास अडखळतो. यावर युक्ती म्हणजे सहाचा एक गट धरणं. दादरा ताल सहा मात्रांचा असतो, तीन आणि तीन. मांडीवर हात ठेवून एक ते सहा मोजा, एक आणि चारवर मनातल्या मनात जोर द्या. एकला हात खाली जाईल, चारला वर. हे दहा मिनिटं करून मग गेम उघडा, फरक कळेल.

तसंच चार-चारच्या लांब रांगेला आठचे गट पाडा. केहरवा आठ मात्रांचा, भजनात तो ठेका आपण लहानपणापासून ऐकतो. ३२ नोट्सची रांग म्हणजे आठ-आठचे चार गट. डोकं ३२ मोजू शकत नाही, पण चार वेळा 'एक' वर परत येऊ शकतं. आणि प्रत्येक 'एक' वर ड्रम ऐकला की हात पळाला असेल तर तिथेच सावरता येतो.

दांडी कशी धरायची?

दोन पद्धती जास्त चालतात. एक, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दांडी हलकी धरायची. दोन, अंगठ्याने खाली ढकलायची आणि बोटाने वर. जी सोयीची वाटेल ती घ्या, पण या गोष्टी पाळा:

- हालचाल मनगटातून हवी. खांदा आणि कोपर हलत असेल तर वेग येणार नाही आणि हात लवकर दुखेल.
- गिटार हीरोच्या दांडीत 'टिक' असा आवाज येतो. तो आला की पुढे ढकलण्यात अर्थ नाही, स्विच दाबला गेलेला असतो. रॉक बँडच्या गिटारमध्ये दांडी मऊ असते आणि टिक येत नाही, तिथे किती हलवल्यावर नोट लागते ते हळू खेळून शोधा.
- पकड इतकी सैल हवी की कोणी दांडी हलवली तर तुमची बोटंही सोबत हलतील.
- रंग बदलताना डावं बोट स्ट्रमच्या किंचित आधी बटणावर पोचलं पाहिजे. अनेकदा दोष उजव्या हाताला देतो आणि उशीर डाव्याने केलेला असतो.

कीबोर्डवाल्यांनी दोन स्ट्रम कीजवर दोन वेगळी बोटं ठेवायची आणि आलटून पालटून दाबायची. बोट कीपासून फार वर उचलू नका. टच गेमवाल्यांनीसुद्धा एकाच रंगाच्या रांगेला एक बोट बडवण्याऐवजी दोन बोटं आलटून पालटून वापरा, नियम तोच.

रोजची १५ मिनिटं

१. पहिली ३ मिनिटं गेम बंद. गूगलवर मेट्रोनोम शोधलं की तिथेच वाजवता येतो. ८० वर लावा आणि एका ठोक्याला दोन, मग तीन, मग चार स्ट्रम करा. रंगाचं बटण दाबू नका.

२. पुढची ५ मिनिटं प्रॅक्टिस मोड. जिथे कॉम्बो तुटतो तेवढाच तुकडा निवडा आणि वेग ७० टक्क्यांवर आणा. सलग तीन वेळा एकही ओव्हरस्ट्रम न होता झाला तरच ५ टक्के वाढवा. दोनदा चुकला तर ५ टक्के कमी करा.

३. पुढची ४ मिनिटं त्याच तुकड्यात फक्त कान. नजर स्क्रीनवरून थोडी बाजूला घ्या आणि ड्रमवर हात चालू द्या.

४. शेवटची ३ मिनिटं पूर्ण गाणं, पूर्ण वेग. चुकलं तरी थांबायचं नाही.

आणि हो, नोट्स गर्दीने येतात म्हणून हायवेचा वेग कमी करू नका. नोट्स किती वेगाने खाली सरकतात, ती सेटिंग वेगळी आणि गाण्याचा वेग वेगळा. हायवे थोडा वेगवान केला तर नोट्समधलं अंतर वाढून दिसतं आणि वाचायला उलट सोपं जातं.

फोनलाच गुरू करा

आपल्या खिशात एक जबरदस्त साधन आहे, स्लो मोशन कॅमेरा. फोन एखाद्या डब्याला टेकवून उजव्या हाताचा व्हिडिओ घ्या. २४० फ्रेमच्या मोडमध्ये प्रत्येक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची, १२० मध्ये ८ ची. खेळायला तोच फोन वापरत असाल तर घरातला दुसरा फोन मागून घ्या.

व्हिडिओत तीन गोष्टी बघा. वरचा आणि खालचा स्ट्रम सारखा आहे का? रांगेच्या शेवटी अंतर कमी होत चाललंय का? खांदा वर चढलाय का? मी माझा पहिला व्हिडिओ बघितला तेव्हा खांदा कानाला टेकायचा बाकी होता! दुखणं कुठून येत होतं ते तिथेच कळलं.

दुखत असेल तर थांबा

गेममध्ये 'दुखल्याशिवाय शिकता येत नाही' हे साफ खोटं आहे. हात जड झाला म्हणजे पकड घट्ट झाली. दर १५-२० मिनिटांनी हात सोडा, बोटं झटका, पाणी प्या. दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर त्या दिवशी खेळू नका. बोटांना मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल किंवा पकड कमी झाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते टाळू नका. त्याच हाताने परीक्षेचे पेपर लिहायचेत.

मी आधी वायरचा इअरफोन लावला, मग वेग ७० टक्क्यांवर आणला आणि तीन आठवडे तिथून घाई केली नाही. ज्या गाण्यावर दोन महिने अडकलो होतो ते त्यानंतर पूर्ण झालं, आणि हातही दुखला नाही. आज तुम्ही एवढंच करा: ब्लूटूथ बंद, कॅलिब्रेशन नव्याने, आणि जिथे नेहमी चुकता तो तुकडा ७० टक्क्यांवर तीनदा. बाकीचं उद्यापासून.